सगळंच मॉक केलं, तरी बग सुटतात कसे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. स्प्रिंग बूटवर, म्हणजे जावाच्या एका फ्रेमवर्कवर, चालणारं वेब ॲप्लिकेशन आहे. प्रत्येक सर्व्हिसला पाच ते सात डिपेंडन्सी, म्हणजे तिला कामासाठी लागणारे दुसरे क्लास. टीममधल्या ज्येष्ठांचा दंडक असा की युनिट टेस्ट म्हटली की तपासायचा क्लास सोडून बाकी सगळं मॉक झालंच पाहिजे, म्हणजे त्याच्या जागी आधी पढवलेली उत्तरं देणारी नकली वस्तू आलीच पाहिजे. टेस्ट हजारावर गेल्यात, बिल्डला अर्धा तास लागतो, एखाद्या कन्स्ट्रक्टरमध्ये पॅरामीटर वाढवला की वीस फायली तुटतात, आणि एवढं करून बग सापडतात ते प्रॉडक्शनवरच, म्हणजे खऱ्या वापरात. टेस्टमध्ये डीआय (डिपेंडन्सी इंजेक्शन) कंटेनर वापरावा की नाही, आणि मॉक लिहायचा काही सोपा मार्ग आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मॉक लिहायचे सोपे मार्ग आहेत, पण ते मी सांगणार नाही. ते वापरलेत तर आज हजार टेस्टमध्ये जे होतंय ते वर्षभरात दोन हजारांमध्ये होईल. तुमच्या वर्णनात मला खटकलं ते वेगळंच. कुठली गोष्ट बदली ठेवायची आणि कुठली खरी, ही रेघ तुमच्या टीमने कधी ओढलेलीच दिसत नाही. ती ओढली की कंटेनरचं उत्तर आपोआप मिळतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकते. तुमचं बरंचसं काम स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये (डेटाबेसच्या आतच चालणाऱ्या कोडमध्ये) होत असेल तर खालचं अर्धंअधिक तुम्हाला लागू नाही. तिथे खऱ्या डेटाबेसशिवाय टेस्टला अर्थ नसतो. बिल्ड सर्व्हरवर डॉकर चालवायची परवानगी नसेल तर डेटाबेसचा भाग वेगळ्या रीतीने सोडवावा लागेल. तुमच्याकडे इंजेक्शन कन्स्ट्रक्टरमधूनच होतं असं दिसतंय, तेच धरून चालते.

डिपेंडन्सी इंजेक्शन हे नाव मार्टिन फाउलर यांनी २००४ च्या जानेवारीत एका लेखातून रूढ केलं, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये स्प्रिंगची १.० आवृत्ती आली. दोन्ही इतक्या लागोपाठ आल्या म्हणून असेल कदाचित, पण इंजेक्शन आणि कंटेनर एकच अशी गल्लत तेव्हापासून चालत आलीय. क्लासला लागणाऱ्या वस्तू त्याने स्वतः न बनवता बाहेरून घ्यायच्या, हे इंजेक्शन. त्या वस्तू योग्य क्रमाने बनवून ज्याच्या त्याच्या हातात देणारं यंत्र म्हणजे कंटेनर. यंत्राशिवायही काम उत्तम चालतं. टेस्टमध्ये तुम्ही स्वतःच कंटेनर असता: न्यू लिहायचं, कंसात हवं ते द्यायचं, झालं. ना स्प्रिंग उठवायची गरज, ना कुठलं ॲनोटेशन.

जाता जाता एक सावधगिरी. तुमच्या काही टेस्टमध्ये मॉकिटो या मॉकच्या लायब्ररीचं इंजेक्टमॉक्स, म्हणजे तपासायच्या क्लासमध्ये मॉक आपोआप भरणारं ॲनोटेशन, वापरलेलं असणारच. ते सोयीचं वाटतं, पण एखादी डिपेंडन्सी त्याला जुळवता आली नाही तर ते तक्रार करत नाही. मुकाट्याने नल, म्हणजे ‘काहीच नाही’, ठेवून देतं. मग टेस्ट भलत्याच ठिकाणी नल पॉइंटरवर आपटते, किंवा त्या वाटेने कोड गेलाच नाही तर हिरवी राहते. हाताने न्यू केलं असतं तर कंपायलरनेच कान पकडला असता. तुम्हाला कन्स्ट्रक्टर बदलला की वीस फायली तुटण्याचा त्रास होतो, पण तुटणं हे इथे चांगलं लक्षण आहे. फक्त तुटायच्या जागा एकाऐवजी वीस आहेत, हे चुकलंय. त्यावर पुढे येते.

आता रेघ कुठे ओढायची ते एका उदाहरणातून. समजा, बुकिंग रद्द करणारी एक सर्व्हिस आहे. तिला पाच गोष्टी लागतात: बुकिंगची रिपॉझिटरी (डेटाबेसमधून बुकिंग आणणारा आणि साठवणारा क्लास), परताव्याचा नियम, पेमेंट गेटवे, ईमेल पाठवणारा क्लास आणि घड्याळ. कार्यक्रम सुरू व्हायला २४ तास किंवा जास्त उरले असतील तर पूर्ण रक्कम परत, कमी उरले असतील तर निम्मी.

तुमच्या पद्धतीने टेस्ट लिहिली तर ती अशी होते. रिपॉझिटरीच्या मॉकला सांगायचं, हा आयडी आला की हे बुकिंग दे. नियमाच्या मॉकला सांगायचं, तुला कोणी विचारलं तर ५०० म्हण. मग सर्व्हिस चालवायची आणि शेवटी व्हेरिफाय करायचं की गेटवेला ५०० घेऊन एकदाच कॉल गेला. यात तपासलं काय? ५०० हा आकडा तुम्हीच नियमाच्या तोंडी घातलात, आणि तोच पलीकडे पोचला का ते तुम्हीच बघितलंत. नियमात ‘किंवा जास्त’ऐवजी नुसतं ‘जास्त’ पडलं तरी ही टेस्ट हिरवी. उलट उद्या कोणी रिपॉझिटरीची दुसरी मेथड वापरून तेच बुकिंग आणलं, वागणूक तसूभरही बदलली नाही, तरी ही टेस्ट लाल. म्हणजे बिघडल्यावर गप्प आणि सुधारल्यावर आरडाओरडा. असल्या टेस्ट नसलेल्या बऱ्या.

मी तीच टेस्ट अशी लिहीन. परताव्याचा नियम खरा. तो आपलाच कोड आहे, बाहेर कुठे जात नाही, मिलिसेकंदसुद्धा लागत नाही, मग त्याला मॉक का करायचं? रिपॉझिटरी म्हणजे आत नुसता मॅप असलेला एक छोटा फेक, म्हणजे साधा पण खरंच चालणारा बदली क्लास. गेटवेचाही फेक: परताव्याची मागणी आली की ती आपल्या यादीत टाकतो, एवढंच. ईमेलचं तसंच. घड्याळ ठरावीक वेळेवर थांबवलेलं. जावामध्ये क्लॉक हा क्लास जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासून, त्यासाठीच आहे. मग एक बुकिंग फेकमध्ये टाकायचं, घड्याळ बरोबर २४ तास आधी लावायचं, रद्द करायचं, आणि गेटवेच्या यादीत पूर्ण रकमेची एकच नोंद आहे ना ते बघायचं. दुसऱ्या टेस्टमध्ये घड्याळ एक सेकंद पुढे, आणि यादीत निम्मी रक्कम. तिसरीत तेच बुकिंग दोनदा रद्द करायचं आणि यादीत तरीही एकच नोंद हवी. ही तिसरी टेस्ट मॉकच्या पद्धतीत सहसा कोणी लिहीतच नाही, कारण मॉकला पहिल्या वेळचं काही आठवत नसतं. मॅपवाल्या फेकला आठवतं. आणि दोनदा परतावा जाणं हा प्रकार प्रॉडक्शनवर नेमका घडतो.

तर माझ्या टीममधला नियम असा: जे प्रोसेसच्या बाहेर जातं किंवा दर वेळी वेगळं उत्तर देतं, तेवढंच बदलायचं. पेमेंट गेटवे, ईमेल, दुसऱ्या टीमची सेवा, घड्याळ, रँडम. आतले हिशोब, मॅपर, व्हॅलिडेटर, छोट्या मदतनीस सर्व्हिस, सगळं खरं. यावर तुमचे ज्येष्ठ म्हणतील की मग ही युनिट टेस्ट राहिली नाही. युनिट म्हणजे एक क्लास असं कोणी शिलालेखात कोरून ठेवलेलं नाही. बुकिंग रद्द होणं हे एक युनिट आहे, भले त्यात चार क्लास असोत. हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंना जाणती माणसं आहेत. मी कुठल्या बाजूला आहे ते तुम्हाला कळलंच असेल.

मॉक मीही वापरते, पण दोनच ठिकाणी. बाहेरची गोष्ट बिघडलेली दाखवायची असेल तेव्हा: गेटवे टाइमआउट देतो, ईमेल सर्व्हर एरर फेकतो. आणि अमुक कॉल अजिबात जाता कामा नये हेच सिद्ध करायचं असेल तेव्हा.

मॉकबद्दल एवढी कडवट का झाले, ते सांगते. एका प्रकल्पात ग्राहक शोधणारी मेथड सुरुवातीला ग्राहक सापडला नाही की नल द्यायची. पुढे कोणीतरी शहाणपणा करून तिथे एक्सेप्शन टाकायला सुरुवात केली. बदल योग्यच होता, रिपॉझिटरीच्या टेस्टही त्याने नीट बदलल्या. पण ती मेथड वापरणाऱ्या डझनभर सर्व्हिसच्या टेस्टमध्ये मॉक अजून नलच देत होते, आणि सर्व्हिसमधल्या ‘नल आलं तर’ या फांद्या त्या मॉकसमोर छान पास होत होत्या. सगळा बिल्ड हिरवा. प्रॉडक्शनवर नवीन ग्राहकाची पहिलीच ऑर्डर ५०० क्रमांकाचा सर्व्हर एरर देऊन आडवी. त्या डझनभर टेस्ट ज्या रिपॉझिटरीशी बोलत होत्या, ती रिपॉझिटरी अस्तित्वातच नव्हती. मॉक हे तुमच्या त्या दिवशीच्या समजुतीची प्रत असते, आणि तुमचा कोड बदलला तरी ती प्रत बदलत नाही.

फेक वापरला तर हे टळतं का? आपोआप नाही. फेकही खोटं बोलू शकतो, पण तो एकाच फायलीत असतो, त्यामुळे त्याला धारेवर धरता येतं. आम्ही रिपॉझिटरीच्या वागणुकीच्या टेस्ट एका ॲबस्ट्रॅक्ट क्लासमध्ये लिहितो: नसलेला आयडी मागितला की काय होतं, तोच आयडी दोनदा साठवला तर काय, यादी कुठल्या क्रमाने येते. मग त्याला दोन मुलं: एक फेक देतं, दुसरं खऱ्या डेटाबेसवरची रिपॉझिटरी देतं. दोन्ही एकाच परीक्षेला बसतात. खऱ्याने वागणूक बदलली की टेस्ट बदलावी लागते, आणि मग फेक लगेच नापास होतो. वरच्या गोंधळानंतर आम्ही लिहिलेली ही पहिली गोष्ट.

आता त्या वीस फायली. प्रत्येक टेस्ट क्लास सर्व्हिसचा कन्स्ट्रक्टर स्वतः बोलावतो म्हणून त्या तुटतात. मॉड्यूलमागे एक साधा क्लास करा, आम्ही त्याला ‘जुळणी’च म्हणतो. तो सगळे फेक बनवतो, घड्याळ लावतो, सर्व्हिस एकमेकांना जोडतो आणि तयार वस्तू हातात ठेवतो. टेस्टमध्ये फक्त जुळणी बनवायची, जे वेगळं हवं तेवढं बदलायचं आणि कामाला लागायचं. कन्स्ट्रक्टर बदलला की एकच जागा तुटते. यासाठी कंटेनर लागत नाही, साधा जावा पुरतो. मात्र ही जुळणी दोनशे ओळींची झाली आणि कोणालाच वाचता येईना, तर दोष जुळणीचा नाही. सात डिपेंडन्सी घेणाऱ्या त्या सर्व्हिसकडे बघा. तिच्यात बहुधा दोन सर्व्हिस कोंबलेल्या असतात.

मग कंटेनर कुठे? वेबच्या कडेला. यूआरएल बरोबर कंट्रोलरकडे जातो का, जेसनमधली तारीख नीट वाचली जाते का, लॉगिन नसताना ४०१ येतो का, व्हॅलिडेशन चुकलं तर ४०० येतो का, ट्रान्झॅक्शनचं ॲनोटेशन खरंच काम करतं का. हे सगळं फ्रेमवर्क करतं, त्यामुळे फ्रेमवर्क उठवल्याशिवाय ते तपासता येत नाही. हाताने न्यू केलेल्या सर्व्हिसवरचं ट्रान्झॅक्शनल ॲनोटेशन म्हणजे कपाळावरचं गंध. दिसतं, करत काही नाही. अशा टेस्ट थोड्या असाव्यात, पण असायलाच हव्यात.

तुमचा अर्धा तास कुठे जातो याचा मला दाट संशय आहे, आणि तो तुम्ही पाच मिनिटांत तपासू शकता. बिल्डचा पूर्ण लॉग उघडा आणि स्प्रिंगचा बॅनर किती वेळा छापलाय ते मोजा. प्रत्येक बॅनर म्हणजे ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट, स्प्रिंगचा कंटेनर, एकदा शून्यापासून उभा राहिला. एका प्रकल्पात मोजता मोजता आम्ही चाळिशी ओलांडली होती. स्प्रिंग खरं तर एकदा उभा केलेला कॉन्टेक्स्ट टेस्टमध्ये पुन्हा वापरतं, पण सेटिंग तंतोतंत सारखी असेल तरच. एका टेस्ट क्लासने गेटवे मॉकबीन केला (कॉन्टेक्स्टमधली खरी वस्तू काढून तिथे मॉक बसवला), दुसऱ्याने ईमेल, तिसऱ्याने दोन्ही, की तीन वेगळे कॉन्टेक्स्ट झाले. प्रोफाइल वेगळं, एखादी प्रॉपर्टी वेगळी, तरी तेच. शिवाय या साठ्याची मर्यादा मुळात ३२ ची असते. ती ओलांडली की सर्वांत जास्त वेळ न वापरलेला कॉन्टेक्स्ट बंद होतो आणि पुढे लागला तर परत उभा राहतो. कॉन्टेक्स्ट वापरून झाला की टाकून द्यायला लावणारं डर्टीज कॉन्टेक्स्ट हे ॲनोटेशन कोणी ‘टेस्ट एकमेकांत अडकतात’ म्हणून जागोजागी टाकलं असेल तर विचारूच नका.

यावर उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो. कंटेनर लागणाऱ्या सगळ्या टेस्टसाठी एकच मूळ क्लास, त्यात बाहेरच्या सगळ्या गोष्टींचे तेच फेक एकदाच नोंदवलेले, आणि प्रत्येक टेस्टआधी त्यांच्या याद्या रिकाम्या. मॉकबीन कुठेही नाही. स्प्रिंग बूट ३.४ पासून ते तसंही कालबाह्य ठरवून त्याच्या जागी मॉकिटोबीन आणलंय, पण कॉन्टेक्स्ट वेगळे होण्याचा त्रास नव्या नावानेही तोच.

डेटाबेसच्या बाबतीत, प्रॉडक्शनवर पोस्टग्रेस आणि टेस्टमध्ये मेमरीत चालणारा हलका डेटाबेस एचटू, हा घरोबा मला पसंत नाही. कन्स्ट्रेंट, लॉक, जेसन कॉलम, तारखांचे बारकावे, सगळ्यात थोडा थोडा फरक पडतो. टेस्टकंटेनर्स या लायब्ररीने खरा पोस्टग्रेस डॉकरमध्ये उभा करा, पूर्ण बिल्डमध्ये एकदाच. टेस्टवर ट्रान्झॅक्शनल लावून शेवटी रोलबॅक करण्याची सवय असेल तर दोन खड्डे आहेत. जेपीए (जावाच्या वस्तू डेटाबेसमध्ये साठवणारा थर) बदल बहुतेकदा लगेच डेटाबेसकडे पाठवत नाही, त्यामुळे युनिक कन्स्ट्रेंट मोडला तरी फ्लश होण्याआधीच, म्हणजे ते बदल डेटाबेसकडे जाण्याआधीच, रोलबॅक होतो आणि टेस्ट पास. फ्लश स्वतः बोलावा. आणि टेस्ट खरा सर्व्हर रँडम पोर्टवर उठवून त्याला एचटीटीपीने हाक मारत असेल, तर सर्व्हरचं काम वेगळ्या थ्रेडवर, वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये होतं. तुमच्या रोलबॅकचा त्याला पत्ताच नसतो आणि डेटा तसाच मागे राहतो. अशा ठिकाणी आम्ही प्रत्येक टेस्टआधी टेबलं साफ करतो.

एक प्रकारचा बग मात्र वरच्या कुठल्याच टेस्टला सापडत नाही: जोडणीच चुकीची असणं. स्प्रिंगमध्ये एखादं बीन, म्हणजे कंटेनरने सांभाळायची वस्तू, सापडलं नाही तर ॲप्लिकेशन सुरूच होत नाही, म्हणून खऱ्या कॉन्फिगरेशनवर कॉन्टेक्स्ट उभा राहतो एवढंच बघणारी रिकामी टेस्टसुद्धा कामाची असते. फक्त लेझी इनिशियलायझेशन, म्हणजे वस्तू लागेल तेव्हाच बनवणं, चालू ठेवलं असेल तर तीही फसवते.

आयुष्यमानाच्या, म्हणजे कुठली वस्तू किती काळ जगते याच्या, चुका त्याहून वाईट. एका डॉटनेट प्रकल्पात सिंगलटन, म्हणजे ॲपभर एकच असणाऱ्या, कॅशच्या कन्स्ट्रक्टरने डीबी कॉन्टेक्स्ट, म्हणजे डेटाबेसशी बोलणारी वस्तू, घेतला होता. डीबी कॉन्टेक्स्ट एका रिक्वेस्टपुरता जगायला हवा, पण सिंगलटनने त्याला कायमचं धरून ठेवलं. युनिट टेस्टमध्ये दर वेळी नवी कॅश, नवा कॉन्टेक्स्ट, सगळं गोड. प्रॉडक्शनवर दोन रिक्वेस्ट एकदम आल्या की ‘आधीचं काम संपायच्या आत दुसरं सुरू झालं’ अशा अर्थाचा एरर, तोही अधूनमधून. एएसपी डॉटनेट कोअर ही चूक स्वतः पकडतं, पण एन्व्हायरन्मेंटचं नाव डेव्हलपमेंट असेल तरच. आम्ही हौसेने नावं ‘लोकल’ आणि ‘टेस्ट’ ठेवली होती. तेव्हापासून व्हॅलिडेट स्कोप्स आणि व्हॅलिडेट ऑन बिल्ड हे तपासणीचे दोन्ही पर्याय मी टेस्टमध्ये हाताने चालू करते. एवढ्यानेही कंट्रोलर सुटतात बरं का. ते मुळात कंटेनरमध्ये नोंदलेलेच नसतात, त्यामुळे त्यांना लागणारी सर्व्हिस नोंदवायची राहिली तर ते पहिल्या रिक्वेस्टलाच कळतं. ॲड कंट्रोलर्स ॲज सर्व्हिसेस वापरलं की तेही तपासणीत येतात.

उद्या दुसऱ्या फ्रेमवर्कवर गेलात तर विचार हाच, खुंट्या वेगळ्या. डॉटनेटमध्ये कॉन्फिगर टेस्ट सर्व्हिसेस मूळ नोंदणीनंतर चालतं, म्हणून तिथे नोंदवलेला फेक जिंकतो. पायथनच्या फास्टएपीआयमध्ये डिपेंडन्सी ओव्हरराइड्स ही ॲपवरची, कशाऐवजी काय वापरायचं ते सांगणारी, डिक्शनरी असते. टेस्ट संपल्यावर ती रिकामी करायला विसरलात तर पुढची टेस्ट तुमच्या फेकवर चालेल आणि तुम्ही दिवसभर डोकं खाजवत बसाल.

आता सुरुवात. हजार टेस्ट पुसून नव्याने लिहू नका, कोणी तेवढा वेळ देणारही नाही. आज बॅनर मोजा. या आठवड्यात कंटेनरच्या टेस्ट एका मूळ क्लासखाली आणा. बिल्डचा वेळ बहुतेक तिथेच उतरेल आणि पुढच्या कामासाठी टीमचा होकार मिळवणं सोपं जाईल. मग सर्वांत जास्त बदलणारं एक मॉड्यूल घ्या, त्याची जुळणी आणि फेक लिहा, आणि तिथल्या नव्या टेस्ट त्यावरच. जुन्या मॉकवाल्या टेस्ट एखाद्या बदलात तुटल्या की त्या वेळी बदला किंवा काढा. न तुटणाऱ्यांना हात लावू नका.

ज्येष्ठांशी ‘युनिट’च्या व्याख्येवरून भांडू नका. प्रॉडक्शनवर सापडलेले शेवटचे दहा बग काढा, प्रत्येकासमोर लिहा की तो कुठल्या टेस्टने पकडला असता, आणि तो कागद घेऊन त्यांच्यासोबत बसा. त्या दहांत दोन मॉकच्या जुन्या समजुतीचे आणि एखादा जोडणीचा निघाला नाही, तर मला कळवा. तुमचं दुखणं मी चुकीचं ओळखलंय.